तलावात आभाळातून पडणारं नत्र : हिशोब कोण ठेवणार? (पूर्व विदर्भ)

बोडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या) तलावांवर इथं पुष्कळ लिहून झालं आहे. गाळ, अतिक्रमण, बेशरमचं तण, फुटके सांडवे, ठेक्याची भांडणं, सगळं. एक गोष्ट मात्र कुठल्याच धाग्यात आली नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतो.

तलावाचं पाणी हिरवं पडलं की आपण नाल्याकडे बोट दाखवतो. गावाचं सांडपाणी आलं, बांधीतलं (धानाच्या शेतातलं) खताचं पाणी आलं. ते बहुतेक वेळा खरंच असतं. पण आपल्या भागात असेही तलाव आहेत की ज्यांचं सगळं पाणलोट जंगलात आहे. वर घर नाही, बांधी नाही, नाली नाही. आमच्या गावाजवळ असाच एक तलाव आहे आणि अलीकडे उन्हाळ्यात त्याच्यावरही शेवाळाचा दाट थर येऊ लागला आहे. याच्यात शेवाळाला पोसणारं नत्र, म्हणजे नायट्रोजन, येतं कुठून?

एक वाट वरून आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण तो तसाच्या तसा ना धानाला चालतो ना शेवाळाला. त्याच्या दोन अणूंची जोडी फोडावी लागते. निसर्गात ते काम वीज कडाडते तेव्हा होतं, आणि काही जिवाणू करतात. तूर-चण्याच्या मुळांवरच्या गाठीत तेच असतात. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरनं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये कार्ल बॉशनं जर्मनीत ओपाउ इथं त्याचा कारखाना चालवला, आणि तेव्हापासून माणूस हे काम निसर्गाच्या बरोबरीनं करू लागला. आज खतासाठी जगात दर वर्षी दहा कोटी टनांहून जास्त नत्र असं बांधलं जातं. यातलं पिकानं न घेतलेलं नत्र कुठं तरी जातंच. काही पाण्यातून वाहतं, काही जमिनीत खाली उतरतं, आणि बराचसा भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. त्यात कोळशाच्या, डिझेलच्या, तणस-पऱ्हाटी (धानाचा पेंढा, कपाशीची झाडं) जाळण्याच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मिळतात. हे सगळं वर राहत नाही. पावसासोबत पडतं, आणि कोरड्या दिवसांतही धुळीच्या नि वायूच्या रूपात पानांवर, मातीवर, पाण्यावर बसत राहतं.

आता हिशोब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला १२०० मिमी धरा, म्हणजे हेक्टरी १ कोटी २० लाख लिटर. त्या पावसाच्या दर लिटरमध्ये फक्त १ मिलिग्रॅम नत्र आहे असं गृहीत धरलं तर हेक्टरी १२ किलो नत्र झालं. ४० हेक्टरच्या तलावावर ४८० किलो. युरियात ४६ टक्के नत्र, ४५ किलोच्या बॅगेत २०.७ किलो. म्हणजे नुसत्या पाण्याच्या पसाऱ्यावर वर्षाला २३ बॅगा. पाणलोटातल्या जंगलावर पडून वाहत येणारं यात धरलेलं नाही, कोरडं बसणारंही नाही.

१ मिलिग्रॅम हा आकडा मी हिशोब समजावा म्हणून घेतला आहे. आपल्या पावसात खरा किती आहे ते आपण मोजावं, हा धाग्याचा हेतू. सगळ्यांनी लिहा.

---

धानवाला_साकोली

भाऊ, हिशोब नीट मांडला, पण मनात आलं ते स्पष्ट लिहितो. पाऊस कमी पडला तं शेतकरी, भूजल खाली गेलं तं शेतकरी, नि आता आभाळातून नत्र पडून राहिलं तेही शेतकऱ्याच्याच माथी. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं वीज केंद्र उभं आहे. मौद्याला २,३२०, चंद्रपूरला २,९२०, वरून कोराडी, खापरखेडा. रात्रंदिवस कोळसा जळून राहिला आहे. आधी त्याचं बोला, मग आमच्या चार बॅगांचं.

---

प्रयोगशाळा_वर्धा

साकोलीच्या दादांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. मी कॉलेजात हाच विषय शिकवते, म्हणून जरा लांबवते.

हवेतून पडणारं नत्र दोन घराण्यांचं असतं. एक अमोनियाचं, दुसरं नायट्रोजन ऑक्साइडचं.

अमोनिया मुख्यतः शेतीतून येतो. युरिया आणि जनावरांचं शेण-मूत हे त्याचे दोन मोठे झरे. नायट्रोजन ऑक्साइड जळण्यातून येतात. भट्टीत उष्णता फार वाढली की हवेतलाच नायट्रोजन नि ऑक्सिजन जुळतात, आणि कोळशात मुळात थोडं नत्र असतं तेही जळतं. वीज केंद्रं, ट्रक, ट्रॅक्टर, विटाभट्ट्या, जाळलेलं तणस, वणवे, सगळे यात आले.

पाणी तपासलं की दोन्ही वेगळे ओळखू येतात. अमोनियम (अमोनियाचं पाण्यातलं रूप) जास्त निघालं तर बोट शेती-गोठ्याकडे, नायट्रेट (नायट्रोजन ऑक्साइडचं पाण्यातलं रूप) जास्त निघालं तर धुराकडे. अगदी काटेकोर वाटणी यातून होत नाही, पण दिशा कळते. म्हणून आधीच कुणाच्या माथी मारायचं हे ठरवण्यापेक्षा बाटली लावणं बरं.

दुसरा फरक अंतराचा. अमोनिया वायू जमिनीजवळ निघतो आणि चिकट आहे, पानाला, पाण्याला लगेच धरतो. त्याचा मोठा भाग उगमापासून थोड्या किलोमीटरांतच खाली बसतो. वीज केंद्राचा धूर मात्र उंच धुरांड्यातून निघतो, वाटेत त्याचं नायट्रिक आम्ल होतं, आणि तो दूर जातो. आणि गंमत नव्हे तर चिंतेची गोष्ट ही की दोघं हवेत भेटले की अमोनियम नायट्रेटचे, अमोनियम सल्फेटचे बारीक कण तयार होतात. ते शेकडो किलोमीटर प्रवास करतात. फुप्फुसात जाणाऱ्या बारीक कणांचा बराच भाग हाच असतो. म्हणजे तुमच्या बांधीतला अमोनिया नि तिरोड्याचा धूर एकाच कणात बसून तिसऱ्याच जिल्ह्यातल्या तलावात उतरू शकतो. इथं "आधी त्यांचं, मग आमचं" असं करता येत नाही.

वीज केंद्रांचं म्हणाल तर नियम आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा घातली. २००३ पर्यंत बसवलेल्या संचांना ६००, २००४ ते २०१६ दरम्यानच्या संचांना ३००, आणि २०१७ पासूनच्या संचांना १०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर. २०२० मध्ये त्यातली मधली मर्यादा ३०० वरून ४५० केली गेली. आपल्याकडचे बरेच संच या मधल्या गटातच येतात. यावर आवाज उठवायलाच हवा, मी तुमच्यासोबत आहे.

---

धानवाला_साकोली

हे पटलं ताई. ४५० चं माहीत नव्हतं.

---

पऱ्हाटी_यवतमाळ

आमच्याकडे तलाव कमी, धरणं नि शेततळी जास्त. पण युरियाचं सांगतो. काळ्या मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास. पावसाची उघडीप पडली, जमीन वरून ओली, ऊन चरचर तापून राहिलं, आणि मजूर मिळाला म्हणून त्याच दिवशी पऱ्हाटीच्या बुडाशी युरिया टाकून मोकळे होतो. नंतर डवरा (कोळपं) फिरवायला दोन-तीन दिवस जातात. तेवढ्यात वास येतो ना जी, तो वास म्हणजे पैसाच उडून राहिला. यात खरंच किती जातं? कुणाला आकडा माहीत असेल तं लिहा.

---

खत_पाणी

यवतमाळच्या भाऊंसाठी. माझं काम शेतकऱ्यांच्या बांधावरच असतं, म्हणून हे रोज पाहतो.

युरिया जमिनीवर पडला की मातीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं काही दिवसांत अमोनियम कार्बोनेट करतं. त्या दाण्याच्या भोवती सामू एकदम चढतो. सामू सुमारे ९.२ झाला की अर्धं अमोनियम वायू होण्याच्या स्थितीत येतं. काळी माती आधीच अल्कधर्मी, त्यात ऊन, त्यात वारा. वर पसरलेल्या युरियातून अशा वेळी पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त नत्र उडून जाऊ शकतं. युरिया मातीत दोन-तीन इंच झाकला गेला तर हेच नुकसान अगदी थोडं राहतं, कारण निघालेला अमोनिया वर येईपर्यंत मातीचे कण त्याला धरून ठेवतात. म्हणून डवरणी त्याच दिवशी, किंवा युरिया टाकल्यावर लगेच चांगला पाऊस येणार असेल तेव्हाच टाकणं. भुरभुर पाऊस सगळ्यात वाईट. दाणा विरघळतो पण खाली जात नाही.

नीमकोटेड युरियाबद्दल एक गैरसमज दूर करतो. २०१५ पासून देशात सगळा युरिया नीमकोटेडच मिळतो, म्हणून काही जण समजतात की आता तो उडत नाही. कडुनिंबाच्या तेलाचं मुख्य काम अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवणं हे आहे. उडण्यावर त्याचा भरवसा ठेवू नका. झाकणं आणि वेळ साधणं, हाच उपाय.

आता धान. बांधीत पाणी साचलेलं असतं, त्यात शेवाळ असतं. दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि बांधीतल्या पाण्याचा सामू ९ च्या वर चढतो. संध्याकाळी पुन्हा उतरतो. रोवणी झाल्यावर भर दुपारी उभ्या पाण्यात युरिया फेकणं म्हणजे त्याला उडायला सगळ्यात सोयीची वेळ देणं. पाणी काढून, चिखलात युरिया देऊन, दुसऱ्या दिवशी पाणी सोडणं हे जुनंच सांगणं आहे. युरिया-डीएपीच्या गोळ्या, आपण ब्रिकेट म्हणतो त्या, चार रोपांच्या मधोमध बोटभर खोल खोचल्या तर खत कमी लागतं आणि उडणंही फार कमी होतं. मजुरी लागते हे खरं आहे. पण अझोला? बांधीत अझोल्याची चादर झाली की पाण्यावर सावली पडते, शेवाळ वाढत नाही, सामू चढत नाही. वरून तो स्वतः हवेतलं नत्र बांधतो आणि चिखलात कालवला की खत होतो. याचा प्रसार आपल्याकडे जितका व्हायला हवा तितका झालेला नाही, हे मला फार खटकतं.

धानाला शिफारस हेक्टरी १०० किलो नत्राची आहे. त्यातलं पिकाच्या अंगी साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के लागतं. बॅग २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून आपल्याला उडालेलं जाणवत नाही. सरकारचं अनुदान बाजूला ठेवून खरी किंमत लावली तर जाणवेल.

---

शिंगाडेवाली

मी ढिवर समाजाची आहे. आमची मच्छीमार सोसायटी आहे, तलाव ठेक्यानं घेतो. मासोळी नि शिंगाडा, दोन्ही आमचं.

तुम्ही सगळे शेवाळ म्हणून राहिले, पण आम्हाला आधी दुसरंच दिसते. आधी देवधान (पाण्यातलं जंगली धान) गेलं, कमळ कमी झालं. मग इकॉर्निया (जलपर्णी) आला. त्याच्या खाली पाणी काळं पडते, जाळं टाकता येत नाही, शिंगाड्याचा वेल दबून जाते. पहाटे मासोळ्या वर तोंड काढून हवा घेते, मग काही दिवसांनी रोहू-कतला मेलेला तरंगते. मरळ, शिंगी टिकते, कारण ते वरची हवा घेऊ शकते. व्यापारी भाव पाडते आणि लोकं म्हणते की तुम्हीच काही टाकलं असेल.

आमच्या काही सोसायट्यांनी उन्हाळ्यात तलाव सुकला की आतून नांगरला, बेशरम मुळासकट काढला, जुन्या पाणवनस्पती परत लावल्या. तिथं पाखरं परतली, देशी मासोळी वाढली. पण वरून खत पडतच राहणार असेल तर आमची मेहनत किती टिकन, हे मला या धाग्यावर समजून घ्यायचं आहे.

---

बोडीकाठ

ताई, तुम्ही लिहिलंत हे सगळ्यात महत्त्वाचं. धाग्यात याचीच उणीव होती.

---

गाळ_आणि_पाणी

ताईंच्या प्रश्नाला धरून लिहितो, मी तलावांच्या पाण्यावरच संशोधन करतो आहे.

पहाटे मासे वर का येतात: शेवाळ नि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री तोच वापरतात. शिवाय मेलेलं शेवाळ तळाशी कुजताना आणखी ऑक्सिजन खातं. म्हणून सर्वांत कमी ऑक्सिजन सूर्य उगवायच्या आधी असतो. दुसरी मार अमोनियाची. दुपारी सामू चढला की पाण्यातल्या अमोनियमचा विषारी वायूरूप अमोनिया होतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना लागतो. हिरव्या तलावात मासळीला दिवसा अमोनिया आणि पहाटे गुदमरणं, असं दोन्हीकडून होतं.

आता धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्यावर मला एक भर घालायची आहे, नाही तर चित्र एकांगी होईल. गोड्या पाण्याच्या तलावात शेवाळाची वाढ पुष्कळदा नत्रानं नव्हे, स्फुरदानं (फॉस्फरसनं) अडलेली असते. नत्र कितीही द्या, स्फुरद नसेल तर शेवाळ एका मर्यादेबाहेर वाढत नाही. आणि निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती तर नत्र स्वतःच हवेतून बांधतात. स्फुरद हवेतून फारसं येत नाही. ते येतं डीएपी, सुपर फॉस्फेट या खतांच्या वाहत्या पाण्यातून, कपडे धुण्याच्या पावडरीतून, सांडपाण्यातून, धूप झालेल्या मातीतून, आणि तलावातल्या जुन्या गाळातून. मासळी वाढावी म्हणून ठेकेदार शेण नि सुपर फॉस्फेट टाकतात, तेही यातच. जंगलातल्या तलावात शेवाळ दिसलं तर आधी विचारा : गाळ किती साचला? जनावरं पाण्यात बसतात का? वर वणवा लागला होता का?

मग हवेतलं नत्र बिनमहत्त्वाचं का? अजिबात नाही. २००९ मध्ये एल्सर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'सायन्स' नियतकालिकात आला. नॉर्वे, स्वीडन आणि अमेरिकेतल्या कोलोराडोचे तलाव त्यांनी तपासले. जिथं हवेतून नत्र कमी पडत होतं तिथं शेवाळ नत्राला भुकेलं होतं, आणि जिथं जास्त पडत होतं तिथं ते स्फुरदाला भुकेलं झालं होतं. माणसाचा हात फारसा न लागलेले तलाव. नाला नाही, शेत नाही. नुसत्या आभाळानं तलावाची भूकच बदलली होती. भूक बदलली की शेवाळाच्या जाती बदलतात, त्यावर जगणारे बारीक किडे बदलतात, मग मासळी. ताई म्हणतात तसं "आधी देवधान गेलं", हे क्रमानं बदलणं असंच असतं. त्याला कारणं अनेक, पण कमी खतावर जगणाऱ्या वनस्पती आधी जातात आणि हावरट वनस्पती पसरतात, हे सगळीकडे दिसलेलं आहे.

हे भरलेल्या बंदुकीसारखं आहे असं समजा. वर्षानुवर्षं पडलेलं नत्र पाण्यात तयार बसलेलं असतं, आणि एखाद्या वर्षी स्फुरद आलं की इकॉर्निया सुटतो. म्हणून ताई, तुमची मेहनत वाया जात नाही. गाळ काढणं म्हणजे साठलेलं स्फुरद बाहेर काढणं. कापलेला इकॉर्निया पाळीवर (तलावाच्या बांधावर) सडू न देता लांब नेऊन खत केलात तर त्यासोबत नत्र नि स्फुरद दोन्ही तलावाबाहेर जातं. पाळीवर टाकलात तर पहिल्या पावसात परत आत.

---

धानवाला_साकोली

म्हणजे काढलेला गाळ आमच्या बांधीत टाकला तं तलावाचंही भलं नि आमचंही. आजोबाच्या काळी तेच करत होते. उन्हाळ्यात बैलगाड्या लागत.

---

गाळ_आणि_पाणी

तेच. फक्त जिथं शहराचं किंवा कारखान्याचं पाणी मिसळतं त्या तलावाचा गाळ आधी तपासून घ्या, त्यात जड धातू असू शकतात. जंगल-पाणलोटाच्या तलावाला ती भीती कमी.

---

वर्धा_विहीर

मंडळी, तलावाचं चालू द्या, पण आमच्या विहिरींचंही बोला. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात भूजलात नायट्रेट सर्वांत जास्त असलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांची नावं आली. त्यात वर्धा, बुलडाणा, अमरावती, यवतमाळ आहेत. एकट्या विदर्भाचे चार! पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. वर्ध्यात तपासलेल्या दर दहा नमुन्यांपैकी साधारण नऊ त्याच्या वर. हे आभाळातून पडलेलं आहे का?

---

प्रयोगशाळा_वर्धा

गाववाले, या दोन वाटा वेगळ्या ठेवू. विहिरीतलं नायट्रेट मुख्यतः खालच्या वाटेनं येतं. जास्तीचं खत, घराजवळचे उकिरडे, शोषखड्डे, शौचालयाचे खड्डे यांतलं नत्र नायट्रेट होऊन पावसाच्या पाण्यासोबत मुरतं. नायट्रेट मातीला चिकटत नाही, म्हणून ते पाण्यासारखंच खाली जातं. आभाळातून पडणाऱ्याचा वाटा त्यात असेल तर लहान.

पण उगम एकच आहे, हे विसरू नका. जी बॅग गरजेपेक्षा जास्त पडली तिचा काही भाग उडाला, काही वाहिला, काही मुरला. उडालेलं तलावात, वाहिलेलं नदीत, मुरलेलं विहिरीत.

आणि हे महत्त्वाचं : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध किंवा पावडर कालवायला असं पाणी वापरू नका. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते, ओठ-नखं निळी पडतात. आणि पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. आशाताईंना हे आपापल्या गावात सांगायला लावा.

---

वर्धा_विहीर

उकळण्याचं हे कुणीच सांगत नाही. ग्रामसभेत मांडतो.

---

गोठा_मूर्तिजापूर

या विषयात गोठ्याचं नाव दोनदा आलं नि पुढं गेलं. आमच्याकडे म्हशी आहेत, म्हणून लिहिते.

सकाळी बंद गोठ्यात गेलं की डोळे चुरचुरतात, तो अमोनियाच. जनावराच्या मुतात युरिया असते, बाजारातल्यासारखीच, नि ती शेणाला लागली की तिचा अमोनिया होते. उन्हाळाभर उघड्या उकिरड्यावर शेण वाळून राहते, मग मृगाच्या आधी शेतात नेऊन ढीग करून ठेवते लोकं, तेही उघडे. त्यातलं नत्र उडून जाते नि आपण नुसता भुसा शेतात टाकतो. मी तीन गोष्टी करते. मूत वाहून एका टाक्यात जमा होते, ते पाण्यात मिसळून लगेच शेतात सोडते. शेणाच्या थरावर तुराट्यांचा कुटार (बारीक चुरा) नि कोरडी माती टाकते. नि वरून ताडपत्री. खत नेलं की त्याच दिवशी वखराची पाळी देऊन मातीत मिसळते. वास बराच कमी झाला, नि शेणखताचा रंग, वजन दोन्ही वेगळं दिसते. बायोगॅसची स्लरी उघड्या खड्ड्यात ठेवली तं तिच्यातूनही तसंच उडते, तिलाही झाकण पाहिजे.

---

पऱ्हाटी_यवतमाळ

ताई, कुटार टाकल्यानं काय होते?

---

खत_पाणी

कुटारात कर्ब (कार्बन) जास्त, नत्र कमी. जिवाणू तो कर्ब खाताना सुटं नत्र स्वतःच्या अंगात बांधून घेतात, म्हणून उडायला उरत नाही. ताई करतात ते अगदी शास्त्राला धरून आहे. आणि पऱ्हाटी जाळण्याऐवजी तिचा भुगा केला तर तोही इथंच कामी येतो. जाळली तर त्यातलंही नत्र धूर होऊन वर.

---

चिखलदरा_ते_डेल्फ्ट

मूळ अमरावती जिल्ह्यातला, सध्या नेदरलँड्समध्ये शिकतो. इथं या एका विषयावर सरकारं हादरली आहेत. मे २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं निकाल दिला की संरक्षित निसर्गावर पडणारं नत्र आधी खरोखर कमी करा, पुढं कमी होईल या भरवशावर नवे परवाने देऊ नका. हजारो बांधकामांचे, गोठ्यांचे परवाने अडकले. ऑक्टोबर २०१९ मध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला आले, महामार्ग ठप्प झाले. अमेरिकेत चेसापीक उपसागरात येणाऱ्या नत्रापैकी साधारण तिसरा हिस्सा हवेतून येतो असं त्यांचा उपसागर कार्यक्रम सांगतो.

नेदरलँड्सकडून शिकण्यासारखं मला हे वाटतं की इथल्या सरकारांनी वर्षानुवर्षं गोठे वाढू दिले आणि मग एका दिवसात शेतकऱ्याला थांबवलं. आपल्याकडे अजून वेळ आहे. साकोलीचे दादा जे म्हणाले ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. शेतकऱ्याला आरोपी करून सुरुवात केली तर इथं जे झालं तेच होईल. त्याच्या उडणाऱ्या बॅगेपासून सुरुवात केली तर तो स्वतःहून येईल. २०१९ मध्येच कोलंबोत झालेल्या जाहीरनाम्यात २०३० पर्यंत वाया जाणारं नत्र निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. ते दिल्लीतून साधणार नाही, बांधीतून साधेल.

---

लोणारकर

एक प्रश्न. आमच्या लोणार सरोवराचा सामू १० च्या आसपास आहे. वर सांगितलं तसं असेल तर त्यात पडलेलं अमोनियम लगेच उडूनच जात असेल ना?

---

गाळ_आणि_पाणी

त्या सामूला बहुतेक अमोनियम वायूरूपात जातं हे खरं. पण लोणारला कडेनं गोड्या पाण्याचे झरे येतात, गावाकडून पाणी येतं, आणि त्या पाण्यात खास जिवाणूंची दाट वस्ती आहे, ती नत्र झटपट उचलते. तिथं पडणं, उचलणं आणि उडणं तिन्ही एकाच वेळी चालतं. लोणारसाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आलेलं सरोवर आहे, त्याचा नत्राचा हिशोब व्हायलाच पाहिजे.

---

बोडीकाठ

सगळ्यांचे आभार. आता मोजणीचं पक्कं करू. प्रयोगशाळा_वर्धा ताई, पावसाचं पाणी कसं धरायचं ते सांगा. साकोली, आमचं गाव, ताईंचा तलाव आणि वर्धा इतकी ठिकाणं तरी होतात.

---

प्रयोगशाळा_वर्धा

साधं करू, पण नीट करू.

प्लास्टिकची रुंद चाडी, म्हणजे नरसाळं, खाली दोन लिटरची बाटली. चाडीच्या तोंडावर बारीक नायलॉनची जाळी, पानं-किडे पडू नयेत म्हणून. बाटलीला काळा कागद किंवा फडकं गुंडाळा, उजेड लागला की आत शेवाळ धरतं आणि नत्र खाऊन टाकतं. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर खांबाला बांधा. झाडाखाली नको, चुलीच्या धुराजवळ नको, गोठ्याजवळ तर नकोच, नाही तर तुमच्या गोठ्याचाच अमोनिया मोजला जाईल. चाडीच्या कडेला काड्या खोचा, म्हणजे पाखरं बसणार नाहीत. पाखराच्या एका विष्ठेनं सगळा नमुना बाद होतो.

पाऊस थांबला की त्याच दिवशी पाणी किती मिलिलिटर जमलं ते लिहा, छोट्या बाटलीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि बर्फासोबत पाठवा. ऊन लागलं तर अमोनियम बदलून जातं. नमुना काढल्यावर चाडी नि बाटली डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. नळाच्या पाण्यानं नको, आपल्या नळातच नायट्रेट आहे. पहिल्या पावसाचा नमुना वेगळा ठेवा, त्यात महिनोन् महिन्यांची हवेतली धूळ उतरलेली असते, आकडा जास्त येईल. तो सरासरीत मिसळला तरी लिहिताना वेगळा लिहा.

बाजारात मिळणाऱ्या नायट्रेटच्या रंगपट्ट्या विहिरीसाठी ठीक आहेत. पावसाचे आकडे इतके लहान असतात की पट्टीवर काहीच उमटणार नाही आणि लोक म्हणतील पाऊस स्वच्छ आहे. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी अमोनियम नि नायट्रेट दोन्ही मोजून देईन.

---

धानवाला_साकोली

ताई, मी बाटली लावतो. आमच्या बांधीच्या पाळीवर एक नि गावाबाहेर माळावर एक लावली तं चालेल का? रोवणी झाल्यावर सगळे एकाच आठवड्यात युरिया फेकते. त्या आठवड्यात दोन्हीत फरक पडते का ते पाहू.

---

प्रयोगशाळा_वर्धा

चालेल काय, सर्वांत उपयोगी नमुने तुमचेच ठरतील दादा. फक्त युरिया कधी, कोणत्या वेळी, किती पाण्यात फेकला ते सोबत लिहा. आणि शक्य असेल तर एका बांधीत खत_पाणी यांनी सांगितलं तसं पाणी काढून युरिया द्या.

---

शिंगाडेवाली

आमच्या तलावाची बाटली पाळीवर लावते. तलावाचं पाणीही सोबत पाठवू का?

---

गाळ_आणि_पाणी

हो ताई, नक्की. पहाटे आणि भर दुपारी, एकाच जागेचं, कोपरभर खोलीवरून. दोन्ही वेळचा सामू तिथंच मोजावा लागेल, मी मीटर घेऊन येतो. त्या पाण्यात स्फुरदही तपासू.

---

वर्धा_विहीर

एक शंका. भूजल मंडळाचा आकडा ४५ आहे आणि काही अहवालांत मर्यादा १० लिहिलेली असते. आपले आकडे कशात लिहायचे?

---

प्रयोगशाळा_वर्धा

दोन्ही एकच आहेत. ४५ हे नायट्रेट म्हणून, १० हे त्यातलं नुसतं नत्र म्हणून. नायट्रेटचा आकडा आला तर ०.२२६ नं गुणा, अमोनियमचा आला तर ०.७७८ नं, दोन्हीची बेरीज म्हणजे नत्र. आपण सगळे आकडे "नत्र, मिलिग्रॅम प्रति लिटर" असेच लिहू, म्हणजे बोडीकाठ यांच्या २३ बॅगांच्या हिशोबात १ च्या जागी सरळ आपला आकडा टाकता येईल.

---

बोडीकाठ

ठरलं. वरच्या पोस्टमध्ये तक्ता जोडतो : गाव, तारीख, पाऊस, अमोनियम-नत्र, नायट्रेट-नत्र, जवळ युरिया पडला का, जवळ काही जाळलं का. गडचिरोली नि चंद्रपूरकडून अजून कुणी नाही. तिकडचं कुणी वाचत असेल तर मृगाच्या आधी कळवा, चाड्या एकत्रच मागवतो.